पारदर्शक दांडीवर मॉडेल पक्कं कसं बसवायचं

प्रश्न थोडक्यात असा: टेबलावर छोटी मॉडेलं मांडून खेळायच्या युद्धखेळांतली मॉडेलं, म्हणजे वॉरहॅमर 40,000 मधल्या जेटबाइक (उडत्या मोटारसायकली), बॅटलफ्लीट गॉथिकची जुनी धातूची अंतराळजहाजं आणि घरी थ्रीडी प्रिंट केलेला एक ड्रॅगन, सगळे बेसवर (खालच्या चकतीवर) उभ्या असलेल्या पारदर्शक दांडीवर फेविक्विकने चिकटवले. दोन-तीन खेळांत एकेक निखळतं, दांडीचं टोक पांढरट पडतं, आणि एका दांडीला तर आतून तडा गेला. कोणता गोंद वापरावा?

फक्त गोंद बदलून हे थांबणार नाही. दांडीचं टोक जेमतेम 2 मिमी व्यासाचं असतं, आणि पंखाचं टोक तिथून 60-70 मिमी लांब. डाव चालू असताना कुणाची बाही पंखाला लागली की तो धक्का सांध्यापर्यंत तरफेसारखा पोचतो. ढोबळ हिशोब करून बघा. 70 मिमी अंतरावर 20 ग्रॅम जोर लागला आणि सांध्याची त्रिज्या 1 मिमी असली, तर गोंदाच्या कडेला जवळजवळ दीड किलोची ओढ बसते. सरळ ओढलं तर फेविक्विक भरपूर वजन पेलतं. पण कडेकडून उचकटणं आणि अचानक बसलेला दणका ही त्याची दोन दुखणी, आणि इथे नेमकं तेच दोन्ही होतं. म्हणून सांध्याला आधी आतून आधार द्यायचा, गोंद त्यानंतर.

त्याच्याही आधी तोल बघा, कारण तोल बिघडलेल्या मॉडेलचा सांधा नुसतं उभं राहूनही रोज ताण खात असतो. मॉडेल कोरडंच जोडा, लागलं तर ब्लू-टॅकने (पुन्हा काढता येणारी चिकट पुट्टी). मग पेन्सिलच्या मागच्या बोथट टोकावर ते पोटाकडून टेकवून सरकवत राहा. जिथे ते कुठेही न झुकता राहतं, त्याच्या सरळ वर गुरुत्वमध्य असतो. कंपनीने पाडलेलं भोक तिथून 3-4 मिमी बाजूला असेल तर चालतं. 10 मिमी बाजूला असेल तर ते बुजवून नवं पाडा. ड्रॅगनच्या बाबतीत हे हमखास करावं लागतं, कारण मान पुढे आणि शेपटी मागे कुठे जाईल ते पोझवर ठरतं, आणि भोक मात्र दिसायला बरं वाटेल अशा जागी दिलेलं असतं.

मॉडेल किती कलल्यावर पडेल हेही मोजून ठेवण्यासारखं आहे. बेस 60 मिमीचा, म्हणजे त्रिज्या 30 मिमी, आणि 120 ग्रॅमच्या मॉडेलचा गुरुत्वमध्य टेबलापासून 90 मिमी उंच असेल, तर साधारण 18 अंश कललं की ते कलंडतं. गुरुत्वमध्य 10 मिमी बाजूला सरकलेला असेल तर त्या बाजूला साडेबारा अंशच पुरतात. बेसच्या खाली 40 ग्रॅम लोखंड लावलं तर एकूण गुरुत्वमध्य 68 मिमीवर येतो आणि तीच मर्यादा जवळजवळ 24 अंशांवर जाते. एम24 बोल्टचा वायसर (बाहेरचा व्यास 44 मिमी, जाडी 4 मिमी) सुमारे 32 ग्रॅम भरतो. त्याच्या मधल्या भोकात दोन-तीन लहान वायसर बसवले की काम झालं. पारदर्शक बेसखाली वायसर दिसतो, म्हणून अशा बेसवर माती-खडीचा पोत देऊन रंगवावं लागतं. बेस पारदर्शकच हवा असेल तर 80 मिमीचा घ्या, 24 अंश तिथेही मिळतात. फक्त तुमच्या स्पर्धेत बेसचा आकार ठरलेला असेल तर आधी विचारा.

आता दांडीचा माल ओळखा. खोक्यात फ्रेमला जोडलेल्या येतात त्या साच्यातल्या दांड्या बहुतेक पॉलिस्टायरीनच्या असतात. सुट्या विकत मिळणाऱ्या गोल कांड्या किंवा लेझरने कापलेले तुकडे अ‍ॅक्रिलिकचे. शंका असेल तर तुकडा फरशीवर टाकून ऐका: पॉलिस्टायरीन पत्र्यासारखं खणखणतं, अ‍ॅक्रिलिकचा आवाज बसका येतो. दोन्ही ठिसूळ आहेत आणि दोन्हींना एकच वाईट खोड आहे. अंगात ताण असताना काही रसायनं लागली की आत चांदीसारख्या चमकणाऱ्या बारीक चिरा पडतात. घट्ट भोकात दांडी जोर लावून ठोसली आणि वर फेविक्विक सोडलं की नेमकं हेच होतं. तुमच्या दांडीला तडा गेला त्याचं बहुधा हेच कारण. स्पिरिट, सॅनिटायझर, अ‍ॅसिटोन आणि फेविक्विक झटपट वाळवणारा स्प्रे यांनीही असंच होतं, म्हणून दांडी साफ करायची ती भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यानेच.

पांढरेपणाचं कारण वेगळं. फेविक्विक म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. ते ओलं असताना त्याची वाफ निघत राहते. ती हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावते आणि जवळच्या पृष्ठभागावर बारीक पांढरी पूड होऊन बसते. गोंद जितका जास्त आणि हवा जितकी कोंडलेली, तितकं हे पुट दाट. जुलैत कोकणात किंवा मुंबईत दारंखिडक्या लावून काम केलं तर एका थेंबातही अर्धी दांडी धुरकटते. सायनोअ‍ॅक्रिलेट वापरायचंच झालं तर टूथपिकच्या टोकावर मावेल तेवढंच घ्या, दांडीला मास्किंग टेप गुंडाळा, शेजारी पंखा मंद चालू ठेवा आणि मॉडेल तासभर तरी डब्यात बंद करू नका. वास कमी येणारे, खास कमी वाफेचे प्रकारही मिळतात, त्यांनी फरक पडतो. पण दिसणाऱ्या सांध्यावर सायनोअ‍ॅक्रिलेट टाळलेलंच बरं.

पक्का सांधा करायचा तो पिन (मॉडेल आणि दांडी दोन्हींच्या आत शिरणारा तारेचा तुकडा) आणि एपॉक्सी वापरून. लागणारं सामान: हाताने फिरवायचा पिन वाइस, 0.6, 1.0 आणि 1.2 मिमीचे ड्रिल बिट, 1 मिमी पितळी तार, बारीक कानस, 400 नंबरचा पॉलिश पेपर आणि दोन नळ्यांचं एपॉक्सी, म्हणजे अ‍ॅराल्डाइट. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत होतं. तार मिळाली नाही तर जाड पेपर क्लिपची चालते, पण ती गंजते.

दांडीचं निमुळतं टोक आधी कापून टाका. पुष्कळांचा हात इथे अडतो. पण ते टोक म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात आधी मोडणारी जागा, ती ठेवून काही मिळत नाही. दांडी 3 मिमी जाड होते तिथे बारीक दातांच्या करवतीने कापा. कटरने चिमटलीत तर चीर खाली धावते. तोंड पॉलिश पेपरवर घासून सपाट करा. मधोमध सुईने खळगा पाडा, म्हणजे बिट घसरणार नाही. मग 0.6 ने आणि त्यानंतर 1.2 ने 6 मिमी खोल भोक पाडा. विजेचं ड्रिल इथे नको, कारण घर्षणाने प्लॅस्टिक वितळतं, बिटला चिकटतं आणि दांडी आतून फाटते. पिन वाइसने दोन-तीन वळसे द्या, बिट बाहेर काढून भुसा पुसा, पाण्याचा थेंब सोडा आणि पुन्हा आत घाला. भोक तिरपं जातंय का हे दांडी उजेडाकडे धरली की स्पष्ट दिसतं. एका बाजूने बघून थांबू नका, दांडी पाव वळसा फिरवून दुसऱ्या बाजूनेही बघा.

पाडलेलं भोक खडूसारखं पांढरं दिसतं. घाबरू नका. त्याच्या खरखरीत भिंतींवर उजेड विखुरतो म्हणून ते तसं दिसतं. स्वच्छ एपॉक्सी आत शिरलं की भिंतींचा खरखरीतपणा भरून निघतो, पांढरेपणा जवळजवळ नाहीसा होतो आणि पितळेची बारीक रेघ तेवढी उरते.

मॉडेलला भोक कुठे पाडायचं ते ठरवायला दांडीच्या तोंडावर रंगाचा ठिपका लावून ती मॉडेलला टेकवा, ठिपका नेमका उमटतो. तिथे 1.0 मिमीचं भोक पाडा: प्लॅस्टिक आणि रेझिनमध्ये 5 मिमी खोल, धातूत 4 मिमीही पुरतं. तार 11 मिमी कापा, म्हणजे मॉडेलमध्ये 5 आणि दांडीत 6. धातूच्या मॉडेलमध्ये 10 मिमीच ठेवा. मॉडेलकडची बाजू घट्ट आणि दांडीकडची किंचित सैल ठेवायची. दांडीकडे तार ठोसून बसवली तर चीर पडते, आणि तिथली सैल जागा एपॉक्सी भरून काढतं.

तारेच्या एका बाजूला कानशीने लांबीभर चपटा पट्टा घासा. बंद तोंडाच्या भोकात गोंद भरून तार आत ढकलली की खाली अडकलेली हवा पिचकारीसारखी तार परत वर लोटते आणि हात सोडल्यावर मॉडेल मिलिमीटरभर उचललं जातं. त्या पट्ट्यातून हवा निघून जाते. बाकीच्या तारेवर करवतीचे आडवे ओरखडे काढा, गोंदाला पकड मिळते.

अ‍ॅराल्डाइट दोन्ही नळ्यांतून सारखं, मुगाच्या दाण्याएवढं घ्या आणि दोन मिनिटं घोटा. कमी घोटलेलं एपॉक्सी आठवड्यानेही चिकट राहतं, आणि मग दोष नळीला दिला जातो. पाच मिनिटांत आवळणारं असेल तर घोटायला मिनिटापेक्षा कमी वेळ मिळतो, आणि मॉडेल सरळ करायलाही फारसा उरत नाही. जड मॉडेलसाठी सावकाश आवळणारंच घ्या. टूथपिकने आधी भोकात, मग तारेवर लावा. तार फिरवत फिरवत आत घाला. बाहेर आलेलं कोरड्या कापडाने लगेच पुसा.

आवळेपर्यंत मॉडेल उलटं ठेवायचं. वाडग्यात तांदूळ घ्या, वर टिश्यू अंथरा, मॉडेल पाठीवर त्यात रुतवा आणि दांडी वर उभी राहू द्या. दाराच्या चौकटीची उभी कड धरून समोरून बघा, मग वाडगा पाव वळसा फिरवून पुन्हा बघा. समोरून सरळ दिसणारी दांडी कडेने बघितली की हमखास कललेली सापडते. रात्रभर हात लावू नका.

इतर गोंदांचं थोडक्यात. मॉडेल आणि दांडी दोन्ही पॉलिस्टायरीनची असतील तर टामिया एक्स्ट्रा थिनसारखा प्लॅस्टिक सिमेंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो. हलक्या जेटबाइकसाठी तो उत्तमच, पण कुंचल्यातला जादा थेंब दांडीवर ओघळला की तिथली चकाकी कायमची जाते. रेझिन आणि धातूवर त्याचा काही उपयोग नाही. फेविकॉलसारखा पांढरा गोंद वाळून बऱ्यापैकी पारदर्शक होतो आणि धूरही सोडत नाही, पण तो पावसाळ्यात ओलावा खाऊन मऊ पडतो. पाच-सात ग्रॅमच्या ड्रोनपलीकडे त्याच्यावर विसंबू नका.

यूव्ही गोंदाला मात्र इथे खास जागा आहे. एरवी तो अपारदर्शक वस्तूंमध्ये निकामी ठरतो, कारण उजेड आत पोचत नाही. इथे दांडीच उजेड आत नेते. सांध्यात थेंब सोडा, मॉडेल नेमकं बसवा, आणि 405 नॅनोमीटरची टॉर्च दांडीतून वर मॉडेलकडे मारा. मिनिटभरात सांधा धरतो, तोपर्यंत हवं तितकं सरळ करता येतं. तारेच्या सावलीतला गोंद कच्चा राहू शकतो, म्हणून दांडी फिरवत चारही बाजूंनी उजेड द्या. ज्यांना वाडग्यात रात्रभर वाट बघवत नाही त्यांनी हा मार्ग घ्यावा.

इथवर कायमच्या सांध्याबद्दल लिहिलं. पण रोज खेळात येणाऱ्या आणि डब्यात नेल्या-आणल्या जाणाऱ्या मॉडेलला वरचा सांधा सुटा ठेवणंच मला योग्य वाटतं. धक्का बसला की कुठेतरी काहीतरी सुटणारच. वरचा सांधा पक्का केला तर दांडी बेसपाशी मोडते, दांडी पक्की केली तर पंख. चुंबकावर बसलेलं मॉडेल निखळून टेबलावर पडतं, पुन्हा ठेवलं की खेळ पुढे सुरू. डब्यात आडवं झोपवता येतं, हा फायदा वेगळाच.

निओडिमियम चुंबक सरळ ओढायला घट्ट असतात पण बाजूला सहज घसरतात. म्हणून दोन सपाट चुंबक नुसते समोरासमोर लावले तर मॉडेल गोल फिरतं आणि हळूहळू कडेला सरकतं. मॉडेलमधला चुंबक पृष्ठभागापासून 0.5 ते 1 मिमी आत बसवा, म्हणजे दांडीवरचा चुंबक त्या खळग्यात बसतो आणि कडा त्याला अडवतात. जेटबाइकला 3×1 मिमीची (व्यास × जाडी) जोडी पुरते, 60-70 ग्रॅमपर्यंत 5×2 मिमी, त्यावर 6×3. चिकटवण्याआधी सगळ्या चुंबकांची एकच चळत करा आणि प्रत्येकाच्या वरच्या तोंडावर मार्करने ठिपका लावा. मॉडेलमध्ये ठिपका आत आणि दांडीवर ठिपका बाहेर, हा नियम सगळ्या ताफ्याला एकच ठेवा, म्हणजे कुठलंही मॉडेल कुठल्याही दांडीवर बसेल. निकेलचा मुलामा गुळगुळीत असतो, पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय एपॉक्सी धरत नाही. अशा वेळी चुंबक मॉडेलमधून निघून दांडीलाच चिकटून राहतो. घरात लहान मुलं असतील तर सुटे चुंबक कुलपात ठेवा. दोन गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना ओढून गंभीर इजा करतात.

विमान वळताना झुकलेलं दाखवायचं असेल तर दांडीवर चुंबकाऐवजी पोलादी छर्रा लावा. सायकलच्या पुढच्या हबचा छर्रा 4.76 मिमीचा असतो, मागच्याचा 6.35. दांडीच्या तोंडावर जाड बिट हाताने फिरवून वाटीसारखा खळगा करा, छर्रा खालून खरवडून एपॉक्सीने बसवा, आणि मॉडेलमध्ये मधे खोलगट असलेला रिंग चुंबक घाला. सपाट चुंबकाला छर्रा एकाच बिंदूत टेकतो म्हणून पकड निम्म्याहून कमी होते, रिंगमध्ये तो रुतून बसतो. 30 ग्रॅमवरच्या मॉडेलला हे जमत नाही, तिथे एकात एक बसणाऱ्या पितळी नळ्या घ्या. बाहेरची नळी मॉडेलमध्ये 10 ते 12 मिमी खोल, आतली दांडीवर. वाकवणारा जोर तेवढ्या लांबीवर वाटला जातो आणि गोंदावर काही येत नाही. धातूच्या जहाजांना माझी पहिली पसंती हीच.

ड्रॅगनचं वेगळं बघावं लागेल. रेझिन प्रिंट बहुधा पोकळ असतो, भिंत 2 मिमीची. तिच्यात 5 मिमीची पिन धरायला मालच नसतो, नुसतं भोक मोठं होत जातं. भोक 6 मिमीपर्यंत वाढवा, आत एम-सीलचा गोळा दाबून भरा, तो कडक झाल्यावर त्यात पिनचं किंवा नळीचं भोक पाडा. आधी मात्र आतून चिकट द्रव येतोय का ते तपासा. पोकळीत न वाळलेलं रेझिन राहिलं असेल तर त्यावर काहीच चिकटत नाही, आणि महिन्यांनंतर तेच भिंत फोडून बाहेर येतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने आतून धुऊन, पूर्ण सुकवून मगच पुढे जा. दांडी त्या वेळी जवळही नको.

150 ग्रॅमपुढे पारदर्शक दांडीचा हट्ट सोडा. सायकलचा स्पोक 2 मिमी जाड, स्वस्त आणि चांगलाच ताठ असतो. मॅट काळा किंवा राखाडी रंगवला की हातभर अंतरावरून डोळा त्याच्यावर थांबतही नाही. कापताना तुकडा उडतो, चष्मा लावा. उंची मात्र मूळ दांडीइतकीच ठेवा. वॉरहॅमर 40,000 मध्ये कोण कोणाला दिसतं हे प्रत्यक्ष मॉडेलवरून ठरतं, त्यामुळे 2 सेंटिमीटरच्या फरकावरूनही समोरचा रास्त हरकत घेऊ शकतो.

खालचा सांधा सोपा आहे. दांडी बेसच्या भोकात प्लॅस्टिक सिमेंटने किंवा एपॉक्सीने बसवा, आणि खालच्या बाजूने, जिथे दिसत नाही तिथे, एम-सीलची वेढणी द्या.

रंगकामाचा क्रम चुकला तर वरची सगळी मेहनत वाया जाते. भोक, चुंबक, नळी हे सगळं प्रायमरच्या आधी. प्रायमर मारताना भोकात ब्लू-टॅकचा बोळा, आणि मॉडेल धरायला त्याच मापाची तार खोचलेली बाटलीची बुचं. दांडी अगदी शेवटी, व्हार्निश पूर्ण वाळल्यानंतर. व्हार्निशचा स्प्रे दांडीवर पडला की तीही मॅट होते. आणि रंगावर कधीही चिकटवू नका, कारण गोंद रंगाला धरतो आणि रंग मॉडेलला सोडतो. जोडायच्या जागेचा रंग सुरीने खरवडून मूळ माल उघडा करा.

आता तुमची बिघडलेली मॉडेलं. फेविक्विकने जोडलेलं सोडवायला मॉडेल पिशवीत घालून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीत तो गोंद ठिसूळ होतो, सांध्याला झटका देऊन पीळ दिला की कट्‌कन सुटतो. दांडीचं टोक आत अडकलं असेल तर त्यात मधोमध 1 मिमी भोक पाडून घड्याळाचा बारीक स्क्रू दोन वळसे फिरवा आणि पक्कडीने स्क्रू धरून सरळ ओढा. नाहीच निघालं तर ते तसंच राहू द्या, त्याच्यातूनच पिनचं भोक आरपार न्या. पांढरी पडलेली दांडी 1000 आणि मग 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासा. शेवटी मऊ कापडावर पांढरी टूथपेस्ट किंवा गाडीचं पॉलिश घेऊन चोळली की चकाकी परत येते. तडा गेलेली दांडी मात्र टाकून द्या. तो तडा आतला असतो, घासून जात नाही, आणि पुढच्या धक्क्याला ती तिथेच मोडेल.